मैत्रिणीसाठी स्थळं

कॉलेजात तिला सगळे टिटवी म्हणायचे, आणि ते काही उगाच नव्हतं. सरांची पाठ वळली रे वळली की हिची टकळी सुरू. होस्टेलमध्ये सकाळी दात घासता घासता कुणी तिच्या दारात डोकावलं, तर ती मुलगी तोंडातला फेस वाळेपर्यंत तिथेच उभी राहायची. मैत्रिणी कशा जोडतात हे टिटवीला कधी शिकावंच लागलं नाही. तोटी फिरवली की नळाला पाणी येतं, तशा त्या यायच्या.

मग परीक्षा संपल्या, मैत्रिणी दाही दिशांना पांगल्या, आणि टिटवीला एका मोठ्या शहरात कानांच्या दवाखान्यात नोकरी लागली. कुणाला किती ऐकू येतं ते तपासायचं, कानाचा साचा घ्यायचा आणि मशीन बसवून द्यायचं, हे तिचं काम. काम तिला मनापासून आवडायचं. पण त्यात एक गोची होती. दिवसभर समोर माणसं असायची, त्यांना ऐकू यायचं नाही. आणि ऐकू यायला लागलं की ती उठून घरी जायची.

दवाखान्यातली माणसंही अशी एकेक. मोठे डॉक्टर सगळ्याला "हं" म्हणायचे. पहिल्या दिवशी टिटवीने त्यांना आपल्या प्रवासाची हकिगत सांगितली, तेव्हा ते "हं" म्हणाले. तिला वाटलं ऐकताहेत. दुसऱ्या दिवशी ती नुसती शिंकली, तेव्हाही ते "हं" म्हणाले. काउंटरवर ज्या बाई बसायच्या त्या शब्दकोड्याच्या नादात. "आडवा, चार अक्षरी, 'उगीच केलेली ढवळाढवळ'?" असं विचारायच्या, उत्तर मिळालं की भरायच्या, की संपला संवाद. आणि मागच्या खोलीत मशीन दुरुस्त करणारा बसायचा, डोळ्याला भिंग लावून. टिटवी त्याच्याकडे गेली की तो मान वर न करता म्हणायचा, "बोलू नका. स्क्रू उडतो."

राहायची जागा तिने एका मुलीबरोबर भाड्याने घेतली होती. ही जोडीदारीण घरूनच कॉम्प्युटरवर काम करायची आणि तिच्या डोक्यावर सकाळपासून मोठाले हेडफोन असायचे. एकदा टिटवीने भांडी घासता घासता तिला आपल्या आत्याच्या लग्नात झालेला सगळा गोंधळ रंगवून सांगितला. शेवटच्या वाक्याला जोडीदारणीने एका कानावरचा हेडफोन उचलला आणि विचारलं, "काही म्हणालीस का?"

"नाही गं," टिटवी म्हणाली. "भांडी झाली एवढंच."

रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा.

"भेटलं का गं कुणी?"

"भेटेल."

"तू फार बडबड करत नाहीस ना? माणसं घाबरतात."

"बडबड करायला आधी माणूस तर हवं ना, आई!"

आईनेच सुचवलं म्हणून तिने पोहण्याचा वर्ग लावला. तिथे तिच्याच वयाच्या आठ-दहा मुली होत्या. टिटवी हरखून गेली. पण शिकवणारी बाई करड्या शिस्तीची. "तोंड बंद! श्वास नाकाने!" एवढंच ती तासभर ओरडायची. बाकी मुली पाण्याखाली. वर आल्या की धापा टाकायच्या, आणि तास संपला की ओले केस टॉवेलात गुंडाळून पसार. टिटवीने एकीला पाण्यातच गाठलं आणि "तू कुठे राहतेस?" असं विचारायला तोंड उघडलं. पुढे तिला फक्त पाठीत बसलेले धपाटे आठवतात.

मग ती दुपारचा डबा आवाजबंद खोलीत बसून खायला लागली. कानांची तपासणी करायची ती खोली, सगळीकडून स्पंज लावलेली, जाड दाराची. तिथे स्वतःचं चावणं घोड्याच्या टापांसारखं ऐकू यायचं. पण निदान कुणी आपल्याशी बोलत नाही हे तिथे खटकत नसे, कारण तिथे कुणी नसायचंच.

अशात एके दिवशी आजी आल्या.

बरोबर त्यांचा मुलगा होता, टक्कल पडलेला, घाईत असलेला. आजी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, हे त्यानेच सांगितलं. आजींचं नाव, वय, आठ वर्षांपासून ऐकू येत नाही, तेही त्यानेच सांगितलं. आजी गप्प बसून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. टिटवीने तपासणी केली, साचा घेतला, आणि पुढच्या वेळी मशीन कानात बसवलं. हळूहळू आवाज वाढवत नेला.

मुलगा टिटवीकडे वाकून हळूच म्हणाला, "खरं सांगू का मॅडम, आईला ऐकू येत नाही तेच बरं होतं. घरात शांतता होती हो."

आजींची डावी भुवई किंचित वर गेली.

"आजी," टिटवीने विचारलं, "कसं ऐकू येतंय?"

"आं?"

"ऐकू येतंय का?"

"थोडं थोडं," आजी म्हणाल्या. "पूर्वीपेक्षा बरं. फार नाही."

टिटवीला नवल वाटलं. तपासणीत तर मशीन लावून छान ऐकू येत होतं. पण सवय व्हायला काही दिवस जातात, हेही खरंच. तिने आठवड्याने यायला सांगितलं.

आठवड्याने आजी एकट्याच आल्या, पर्स काखेत मारून, ताठ. आणि काय सांगावं, शब्द न् शब्द ऐकू येत होता! दार अर्धवट उघडं होतं. बाहेर काउंटरवरच्या बाई स्वतःशीच पुटपुटल्या, "उभा, चार अक्षरी, 'चोरून ऐकणे'..." तर आजी आतून म्हणाल्या, "कानोसा घेणे. पण अक्षरं पाच होतात, तुमचं कोडंच चुकलंय."

टिटवी इतकी खूश झाली की तिला बांध फुटल्यासारखं झालं. मशीन कसं पुसायचं हे सांगता सांगता तिने पोहण्याचा वर्ग सांगितला, जोडीदारणीचे हेडफोन सांगितले, स्क्रू सांगितला, आवाजबंद खोलीतला डबा सांगितला. आजींनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये "आं?" म्हणून एकदाही विचारलं नाही.

"म्हणजे या गावात तुला एकही मैत्रीण नाही," आजी म्हणाल्या.

"अजून नाही."

"हात्तिच्या! मला सांगायचं नाहीस का? जन्मभर मी दुसरं काय केलं? इकडची लाइन तिकडे जोडली. कोण कुठला माणूस, कोण कुठली बाई, आवाज ऐकला की मला कळायचं यांचं जमणार की नाही." मग घाईघाईने म्हणाल्या, "म्हणजे ऐकायचे नाही मी. आवाज कानावर पडायचा, एवढंच."

"मग आता?"

"आता जोडून देते. तू लाइनवर थांब."

दोनच दिवसांत पहिलं स्थळ आलं. आजींच्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी, दंतवैद्याकडे कामाला. आजी स्वतः टिटवीला घेऊन एका चहाच्या दुकानात गेल्या, दोघींना समोरासमोर बसवलं आणि स्वतः शेजारच्या टेबलावर पाठमोऱ्या बसल्या. मुलगी नीटनेटकी होती. तिने टिटवीच्या दातांकडे नजर टाकली, समाधानाने मान हलवली आणि म्हणाली, "आमचा अकरा जणींचा ग्रुप आहे. एक लग्न होऊन परदेशी गेली, तेव्हा सध्या एक जागा रिकामी आहे. तुला गाडी चालवता येते का?"

"नाही."

"ती गेली ती चालवायची," मुलगी खेदाने म्हणाली. "आम्हाला तशीच हवी आहे."

इतक्यात आजी ट्रंक कॉल जोडणाऱ्या जुन्या ऑपरेटरच्या थाटात वळल्या. "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?"

"नको," दोघी एकदम म्हणाल्या. त्या भेटीत दोघींचं एकमत झालं ते तेवढंच.

दुसरं स्थळ आजींच्या इमारतीतलं. ही मुलगी फार गोड. टिटवीचा हात हातात घेऊन तिने तिची झोप कशी लागते, भूक कशी लागते, केस गळतात का, सगळं आस्थेने विचारलं. आपली एवढी चौकशी घरच्यांनीही कधी केली नव्हती, म्हणून टिटवीच्या डोळ्यांत पाणी यायला आलं. तेवढ्यात मुलीने पिशवीतून एक मोठा डबा काढला आणि त्यातली पावडर रोज दोन चमचे घेतल्याने किती लोकांचं आयुष्य पालटलं ते सांगायला सुरुवात केली. या वेळी तीन मिनिटं व्हायची वाट न बघता आजींनीच लाइन तोडली.

"नाउमेद होऊ नकोस," परतताना त्या म्हणाल्या. "अजून एक आहे. घरातलीच. माझी नात. लेकीची मुलगी, नोकरीसाठी माझ्याकडे येऊन राहिली आहे. शनिवारी संध्याकाळी चहाला ये. आणि हे बघ, जरा बेताने बोल. ती अबोल आहे."

शनिवारी टिटवी केस धुऊन, कपड्यांना इस्त्री करून, मनाला "बेताने, बेताने" असं बजावत आजींच्या घरी गेली. घर नीटस होतं. टक्कलवाला मुलगा होता, त्याची बायको होती, आणि खिडकीपाशी नात बसली होती, उंच, किडकिडीत, हाताची घडी घातलेली. आजी कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत.

"ही कपड्यांच्या मोठ्या दुकानात असते," सूनबाईंनी नातीची ओळख करून दिली. "दर्शनी काचेतले पुतळे असतात ना, त्यांना कपडे घालते, सजवते."

"अय्या! मजा येत असेल!" टिटवी म्हणाली.

"ते बोलत नाहीत," नात म्हणाली. "म्हणून बरं असतं."

टिटवीने ओठ घट्ट मिटले. मग एक चमत्कारिक गोष्ट तिच्या लक्षात आली. सूनबाई आजींच्या कानाशी जाऊन बोंबलल्या, "आई! चहा! साखर किती?"

"आं?" आजी म्हणाल्या.

"साखर! साखर!"

"हो हो, बरी आहे तब्येत."

टिटवीने कान टवकारले. मैत्री, बेत, अबोल नात, सगळं ती विसरली. तिच्यातली कानांची मॅडम तडक उठली आणि आजींच्या खुर्चीपाशी गेली.

"अहो, हे काय झालं? मशीन बिघडलं की काय? दाखवा बघू." तिने मशीन काढलं, उघडलं, बॅटरी पाहिली, फुंकर मारली, परत बसवलं. "हे तर ठणठणीत आहे! आजी, परवा तर तुम्ही दवाखान्यात दाराबाहेरच्या बाईंचं पुटपुटणं ऐकून आतून कोडं सोडवलंत! या मशीनमधून तर शेजारच्या खोलीतली कुजबुजसुद्धा..."

आजींनी डोळे मोठे केले. पण गाडी उताराला लागली होती.

"...स्पष्ट ऐकू येते!"

घरात असा सन्नाटा पसरला की आवाजबंद खोली बरी. मुलाचा कप तोंडाशी नेलेला तसाच राहिला.

"शेजारच्या खोलीतली?" त्याने विचारलं.

"कोणत्या बाजूच्या?" सूनबाईंनी विचारलं.

आजींनी एक दीर्घ सुस्कारा सोडला. "दोन्ही बाजूंच्या," त्या अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाल्या. "साखर एक चमचा. आणि तुझ्या बहिणीला सांग, मी काही तोफ नाही."

सूनबाईंनी हातातला चमचा बशीत टाकला.

"आई, तू तीन आठवडे..." मुलगा म्हणाला.

"तीन आठवडे तू रोज सकाळी आरशासमोर उभा राहून डोक्याला तेल चोळत स्वतःची समजूत घालतोस, तेही ऐकलं. नाही येणार रे ते केस आता."

नातीचे कान लाल झाले आणि ती उठून आत निघून गेली.

दारापर्यंत पोहोचवायला आजी स्वतः आल्या. "पोरी," त्या म्हणाल्या, "लाइनवर काम करणाऱ्याचा एकच धर्म. कानात पडलं ते तोंडातून काढायचं नाही. तू माझी सगळी लाइन उघडी पाडलीस."

"मला खरंच माहीत नव्हतं हो. मला वाटलं मशीन..."

"जा आता. आमच्याकडून या स्थळाला नकार आहे."

दार बंद झालं. टिटवी जिना उतरून रस्त्याला लागली. या अख्ख्या शहरात तिच्याशी तासभर बसून बोलणारं एकच माणूस होतं, आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं. आईचा फोन आला. "भेटलं का गं कुणी?" टिटवी म्हणाली, "भेटलं होतं," आणि पहिल्यांदाच तिला पुढे काही बोलता येईना. आई घाबरली. "तुला ताप आहे का?"

चार-पाच दिवसांनी दुपारी, टिटवी डबा उघडून बसली होती, तेव्हा दारात नात उभी राहिली. हाताची घडी तशीच.

"एक काम होतं. खासगी."

"या ना. बसा."

"आजीच्या मशीनचा आवाज जरा उतरवता येईल का? तिला कळू न देता."

"म्हणजे?"

नात बसली. मग तिने सांगितलं ते असं: त्या दिवसापासून घरात हाहाकार माजला होता. आजींनी बहिरेपण टाकून दिलं होतं आणि मशीन लागल्यापासून तुंबलेली उत्तरं त्या एकेक करून सगळ्यांना देत होत्या. कुणी पंधरा दिवसांपूर्वी काय म्हटलं, त्याचं उत्तर आता नाश्त्याला मिळत होतं. टक्कलवाला मामा ऑफिसातून मुद्दाम उशिरा यायला लागला होता. मामा-मामी स्वयंपाकघरात खाणाखुणांनी बोलत होते, आणि काल मामीला मीठ हवं होतं तर मामाने खूण चुकीची वाचून खिडकी बंद केली.

"तेव्हा मला पाठवलंय," नात म्हणाली. "थोडासाच उतरवा. समोरचं ऐकू येईल, आतल्या खोलीतलं नाही, असा."

"नाही उतरवणार," टिटवी म्हणाली.

"का?"

टिटवीने तिच्या डोक्यावर तपासणीचे हेडफोन चढवले. घरच्या माणसांना कळावं म्हणून दवाखान्यात एक सोय होती: ज्याचे त्याचे कान जसं ऐकतात, तसंच त्या हेडफोनमधून ऐकवता यायचं. टिटवीने आजींचे आकडे लावले आणि बोलायला लागली. ती काय बोलत होती ते नातीला कळेना. ओठ हलत होते, मध्येच एखादा "आ", एखादा "ऊ", जणू कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय. नात पुढे वाकली. मग आणखी वाकली. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "आं?"

तिने हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"आठ वर्षं हे?"

"हो."

"काय बोलत होतीस?" नातीने विचारलं. 'तुम्ही' कुठे गळून पडलं ते दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

"पोहण्याच्या वर्गात मी बुडाले त्याची गोष्ट सांगत होते."

"परत सांग."

टिटवीने सांगितली. पाठीत धपाटे बसले तिथे नात एकदम फुस्सकन हसली आणि ओशाळली. मग खाली बघत म्हणाली, "मी आईला फोनवर सांगायचे. आजीच्या समोरच बसून, तिला ऐकू येत नाही म्हणून. की मला इथे कुणी नाही, मी पुतळ्यांबरोबर डबा खाते. एकदा रडलेसुद्धा. आता कळतंय, तेव्हा मशीन तिच्या कानात होतं. दुसऱ्याच दिवशी तिने मला चहाच्या दुकानात नेलं. तिथे एक मुलगी म्हणे आमच्या ग्रुपमध्ये..."

"एक जागा रिकामी आहे!" टिटवी ओरडली.

"तुलाही?"

"तुला गाडी येते का?"

"येते. पण मी बोलत नाही म्हणून नाकारलं. आणि मग ती दुसरी..."

"रोज दोन चमचे!"

"मी तो डबा घेऊन आले गं," नात कळवळून म्हणाली. "मामा खातोय. केसांसाठी."

"थांब, थांब," टिटवी म्हणाली. "म्हणजे तुझ्याशी न जमलेली स्थळं आजींनी मला दाखवली?"

"वाया जाऊ नयेत म्हणून! ती शिळा पावसुद्धा टाकत नाही."

आवाजबंद खोलीत हसलेलं बाहेर ऐकू येत नाही. पण काचेच्या चौकटीतून काउंटरवरच्या बाईंना दोन मुली टेबलावर डोकं टेकून गदागदा हलताना दिसल्या. काहीतरी वाईट घडलंय असं वाटून त्या पाण्याचा ग्लास घेऊन धावत आल्या. त्या पाण्यावर नंतर तिघींनी टिटवीचा डबा संपवला.

त्याच संध्याकाळी दोघी आजींकडे गेल्या. मामाने दार उघडलं आणि आशेने भुवया उंचावल्या. नातीने मान हलवून 'नाही' म्हटलं. मामाचा चेहरा पडला.

आजी खुर्चीत होत्या. "कोण आहे? या स्थळाला मी नकार दिलाय."

"मी होकार दिलाय," नात म्हणाली.

आजींनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा टिटवीकडे. आनंद झालेला लपवायला त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मग माझं काय काम? जोडली गेली लाइन. बोला तुम्ही."

"आजी, माझं चुकलं," टिटवी म्हणाली. "पण एक विचारू? ऐकू येत होतं तर लपवलंत कशाला?"

आजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "मला ऐकू येत नव्हतं ना, तेव्हा सगळी माझ्याशी मोठ्याने गोड बोलायची आणि खरं ते हळू आवाजात. मला गोडाचा कंटाळा आला होता. म्हटलं, जरा खरं ऐकू. ऐकलं. पोटभर ऐकलं. आता तेही पचत नाही."

"मग आम्ही काय करायचं, आई?" दारातून सूनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता, पण रागाने. "घरात बोलायचंच नाही? बहिणीशी नाही, नवऱ्याशी नाही? तुम्ही आठ वर्षं आमच्यावर डाफरलात, आम्ही उलट बोललो तर तुम्हाला ऐकू यायचं नाही. मग मी बोलायची कुणाशी? बोलले बहिणीशी. तोफ म्हटलं. परत म्हणते, तोफ!"

"अगं..." मामा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही तर आरशाशी बोलता!"

आजी ताठ झाल्या. "हे माझ्या तोंडावर बोलायला तुला आठ वर्षं लागली?"

"तुम्हाला ऐकू यायला आठ वर्षं लागली!"

आणि मग जे भांडण झालं ते झालं! पडदे निवडतानाची जुनी भानगड निघाली, कुणाच्या तरी लग्नात कुणाला पुढे बसवलं नाही ते निघालं, मामाने परस्पर विकलेला रेडिओ निघाला. मामा एकदा आईची बाजू घ्यायचा, एकदा बायकोची, आणि दोन्हीकडून खायचा. नात, जी म्हणे अबोल, तीही मध्ये पडली: "आजी, तू माझ्या खोलीत न विचारता येतेस!" टिटवी भिंतीला चिकटून उभी होती. तिने निघावं म्हणून चप्पल शोधायला पाऊल टाकलं, तशी सूनबाई तिच्यावरही कडाडल्या, "आणि तू कुठे चाललीस? लावून दिलंस आणि आता पळतेस? बस तिथे. बटाटे सोल!"

टिटवी बसली. बटाटे सोलता सोलता तिला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की काय सांगावं. या शहरात पहिल्यांदाच तिच्यावर कुणीतरी हक्काने ओरडलं होतं.

भांडण जेवणाच्या वेळेला आपोआप थकलं. आजींनी आणि सूनबाईंनी त्यानंतर एक गोष्ट ठरवली, म्हणजे ठरवली असं कुणी म्हटलं नाही, पण तसं झालं: जे काय म्हणायचं ते तोंडावर म्हणायचं. घर पूर्वीपेक्षा दुप्पट आवाजाचं झालं. मामा कधीकधी डोकं धरून बसायचा. पण ऑफिसातून वेळेवर यायला लागला, कारण त्याच्या अपरोक्ष त्याच्याविषयी काय बोलतील याची त्याला आता जास्त धास्ती होती.

टिटवी आणि नात यांचं मात्र लगेच गूळपीठ जमलं असं नाही. नात दोन दिवस भेटली की तिसऱ्या दिवशी म्हणायची, "आज नको. आज मला गप्प बसायचंय." पहिल्यांदा टिटवी रुसली. मग तिला कळलं की हे तिच्यावर रागावणं नाही, हा नातीचा स्वभाव आहे, जसं कुणाला दुपारी झोप लागते. कधीकधी दुकान उघडायच्या आधी टिटवी तिच्याबरोबर काचेच्या आत उभी राहायची, टाचण्यांची डबी धरून. नात पुतळ्यांना कोट चढवायची, टिटवी बोलायची. बाहेरून जाणाऱ्यांना काचेमागे एक मुलगी पाच पुतळ्यांना हातवारे करून काहीतरी पटवून देताना दिसायची, आणि ते थोडं लांबून जायचे.

एका रविवारी सकाळी नातीचा फोन आला. "मोकळी आहेस? एका पुतळ्याची मान मोडलीय. दुरुस्तीला न्यायचाय. एकटीला उचलत नाही."

दोघींनी तो बिनडोक्याचा पुतळा जुन्या चादरीत गुंडाळला आणि बस पकडली. बसमध्ये गर्दी नव्हती. तिघांच्या बाकावर दोघींनी त्याला मध्ये बसवलं. पहिल्याच वळणाला चादर घसरली आणि मागच्या बाकावरच्या एका गृहस्थांनी उतरायची घाई केली. "मान दुकानातच राहिली," टिटवीने त्यांना धीर दिला. त्याने काही ते थांबले नाहीत.

पुढच्या थांब्यावर एक मुलगी चढली. पाठीवर मोठी बॅग, गळ्यात करकरीत नवं ओळखपत्र, हातातल्या फोनवर नकाशा. तिने नकाशाकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं, पुन्हा नकाशाकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात कुणालाच न विचारल्यासारखं विचारलं, "ही बस नव्या इस्पितळाकडे जाते ना? मी इथे नवीन आहे."

टिटवीने नातीकडे पाहिलं. नातीने उसासा सोडला, पुतळा उचलून दोघींच्या मांडीवर आडवा घेतला, पाय खिडकीकडे केले आणि आत सरकून कडेची जागा रिकामी केली.

मुलगी जरा बिचकत बसली.

"जाते, जाते," टिटवी म्हणाली. "पण त्याआधी मला सांग..."

"बस आता," नात त्या मुलीला म्हणाली. "तुझा थांबा चुकलाच समज."